माझी जाऊ, माझी गुरू

फोन आला तेव्हा मी पेजेच्या डब्याचं झाकण लावत होते. दवाखाना महाडच्या आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. रात्री दिनेशने, म्हणजे माझ्या पुतण्याने, आईजवळ थांबायचं आणि सकाळची पेज घेऊन मी जायचं, असं आमचं ठरलेलं होतं. फोन दिनेशचाच. "काकी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. त्याची आई, आमची माई, म्हणजे माझी थोरली जाऊ. इतक्या वर्षांचा संसार एका चुलीवर केलेली बाई गेली म्हटल्यावर मी हंबरडा फोडला असेल, असं कुणालाही वाटेल. नाही फोडला. खरं सांगते, आधी रडू आलंच नाही, आधी भीती वाटली. मनात पहिला विचार आला तो स्वतःचा... आता मला कोण धरणार? माणूस इतकं आपमतलबी असतं. डबा तसाच ओट्यावर ठेवून मी किती तरी वेळ खाली फरशीवर बसून होते.

या भीतीचं कारण सांगायला हवं. माई माझी जाऊ होती, तशीच गुरूही होती. तिने मला दीक्षा दिली होती, कानात मंत्र दिला होता, आणि त्या मंत्राने माझ्या आत जे काही जागं झालं ते सांभाळायला तीच एक होती. तिला जाऊन आता महिना होत आला आणि या दिवसांत मी एकदाही आसनावर बसलेली नाही. देवघरासमोरून जाताना नजर खाली घालून जाते. हल्ली मोबाईल उघडावा तर कुंडलिनी जागी करून देणारे बाबा दिसतात, शिबिराला या म्हणतात, वर हसत हसत म्हणतात. मला त्यांचं हसणंच कळत नाही. ज्याच्या अंगात ते एकदा जागं झालंय तो हसत नाही हो, तो दार-खिडक्या नीट लागल्यात का ते बघतो.

लग्न होऊन मी कापडे गावाच्या वरच्या वाडीत आले. महाडसारख्या बाजारगावात वाढलेली पोर, शिकलेली, मशीनवर ब्लाऊज शिवणारी, आणि नाकावर राग. वाडीत वीस-पंचवीस उंबरे, निम्मे पुरुष मुंबईला, खाली भातखाचरं आणि पावसात वरच्या दरडीची धास्ती. माईचा नवरा मुंबईतच कामावर असताना वारला होता. पदरात लहानगा दिनेश, सासूबाईंचा धाक, तरी बाई कधी कुणापुढे रडताना दिसली नाही. बोलणं मात्र धारदार. पहिल्याच आठवड्यात माझी भाकरी तव्यावर फाटली तर म्हणते, "ऱ्हाऊ दे गो, तुजा नवरा भाकरी बघून नाय आला, तोंड बघून आलाय." मी रागाने लालबुंद झाले, आणि मग मलाही हसू आलं.

जावा-जावांमध्ये जे असतं ते आमच्यातही होतं. तिचं काय चाललंय ते मला कळलंच पाहिजे, ही माझी खोड. पहाटे आंघोळ झाली की माई भाताच्या खोलीत जाऊन आतून कडी लावायची. कणग्या, बियाणं आणि घोंगडी एवढंच त्या खोलीत. मग ही आत करते काय? मला पक्कं वाटायचं, कणगीत सोनं पुरून ठेवलंय आणि रोज बघून येते. एकदा मी फळीच्या फटीला डोळा लावला. माई घोंगडीवर ताठ बसली होती, डोळे मिटलेले, गालांवरून पाण्याच्या धारा आणि चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नाही. मान कुणीतरी हलकेच वर ओढून धरावी तशी उंचावलेली. खोलीत तिच्याखेरीज कुणी नव्हतं, आणि तरी खोली रिकामी वाटत नव्हती. मी इतकी घाबरले की मागे सरताना दुधाच्या भांड्यात पाय पडला. थोड्या वेळाने ती बाहेर आली, सांडलेलं दूध बघितलं आणि म्हणाली, "बघून झालं ना? आता चा टाक."

मग मी तिच्या मागेच लागले. हळूहळू कळलं ते असं की, वैधव्य आल्यावर ती माहेरी होती तेव्हा आंबेनळी घाट उतरून येणारा एक म्हातारा गोसावी त्यांच्या देवळात मुक्कामाला असायचा. नाथपंथी होता. त्याने तिला मंत्र दिला आणि पुढे एकालाच द्यायची आज्ञा दिली. मग तो कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. मी म्हटलं, मला द्या. माईने झटकन मान हलवली. "तुला नाय. तुज्या आयचं मला ठाव हाय."

माझ्या आईचं सगळ्या महाडला ठाऊक होतं. चांगली हसतीखेळती बाई होती माझी आई. मी शाळेत असताना एका आरतीला ती घुमायला लागली. बायकांनी धावत जाऊन तिला पाटावर बसवलं, कपाळभर मळवट भरला, ओटी भरली आणि देवी आली म्हणून प्रश्न विचारायला सुरुवात केली. आमच्याकडे हे असंच करतात, बाई डोलली की तिला विचारतात. आईने उत्तरं दिली. एखाददुसरं खरंही ठरलं. झालं, दर मंगळवारी आमच्या अंगणात चपलांचा ढीग. लोकांना उत्तरं हवी होती आणि आईला ती देता देता थांबता येईनासं झालं. चुलीपाशी, न्हाणीत, भर बाजारात तिला ते गाठायचं. ज्यांनी मळवट भरला त्यांनीच मग बाहेरचं लागलं म्हणून भगत आणला. त्याने दिलेली मिरच्यांची धुरी मला आजही मिरची फोडणीत पडली की आठवते. एका दुपारी आई घरातून चालत गेली ती सावित्री नदीच्या पाण्यात सापडली. तेव्हापासून माझ्या आयुष्यातली एकच खरी भीती म्हणजे आपण आईसारखे होणार ही. चक्कर आली, कानात आवाज झाला, विनाकारण हसू आलं की मी आरशासमोर उभी राहून 'सुमन' म्हणून स्वतःला हाक मारायची.

एवढं असून मी दीक्षा मागत होते, हा वेडेपणाच म्हणायचा. पण फटीतून पाहिलेला तो माईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. अंगातलं ते आईच्या बाबतीत राक्षस झालं, आणि हिच्या बाबतीत असं शांत कसं? काही वर्षं अशीच गेली. एकदा लावणीच्या दिवसांत, बांधावर भाकरी खाताना, ती आपण होऊन म्हणाली, "गोसावीबाबा म्हनायचे, ज्याला भ्या वाटतं त्यालाच द्यावं. ज्याला वाटत नाय तो बाजार मांडतो. तू लय भितेस. तुला देईन."

दीक्षेचा सोहळा-बिहळा काही नव्हता. सकाळी डोक्यावरून आंघोळ करून, ओल्या केसांनीच भाताच्या खोलीत गेले. तांदळाच्या राशीवर नारळ, विड्याचं पान आणि तेलाचा दिवा. "कायतरी आवडतं ते सोडावं लागतं," माई म्हणाली. मी म्हटलं, चहा सोडते. "चा सोडलास तर तुजा राग सोसायचा कुनी? माजा दीर घर सोडून जाईल." शेवटी मी सुकट सोडली, आणि सुकटीचा वास आला की अजून जीव तुटतो. मग ती माझ्या मागे बसली. एक हात पाठीच्या कण्याच्या तळाशी ठेवला, दुसऱ्या हाताचा अंगठा भुवयांच्या मध्ये, आणि तोंड कानाशी आणून मंत्र सांगितला. चार-पाच अक्षरं, बस्. नंतर आवाज बदलून म्हणाली, "ह्यो आता तुजा. वठाभायेर काढायचा नाय. नवऱ्याम्होरं नाय, देवाम्होरं नाय, माज्याम्होरं पन नाय. काढलास तर तो आदी तुला सोडील, आनि मंग आतलं ते मोकाट सुटंल." तिला धमकी द्यायची सवय नव्हती, म्हणूनच ते शब्द माझ्या हाडात शिरले.

बरेच दिवस काहीच झालं नाही. मी मनातल्या मनात माईला हसूनही घेतलं. आणि मग गौरीच्या सणाला ते झालं. मुंबईचे सगळे चाकरमानी घरी आलेले, माजघरात पाय ठेवायला जागा नाही, आरती रंगात आलेली. टाळ्या वाजवता वाजवता मला कमरेच्या तळाशी ऊब जाणवली. चुलीत निखारा फुलावा तशी ती फुलली आणि कण्यातून वर सरकू लागली. श्वास मध्येच अडला. मान आपोआप फिरू लागली, दातावर दात आपटू लागले आणि माझ्या घशातून एक आवाज निघाला जो माझा नव्हता. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, फक्त शरीर माझं ऐकत नव्हतं. "गौराई आली! गौराई आली गो!" कुणीतरी ओरडलं. झालं... पाट आला, हळद-कुंकू आलं, सासूबाईंनी स्वतःच्या हाताने माझ्या कपाळभर मळवट भरला. मांडीवर नारळ पडला. एक बाई पायावर डोकं ठेवून विचारू लागली, "बोल गो माये, माज्या पोराचं लगीन कदी जमंल?"

आणि आता जे सांगते त्याने अजून माझ्या अंगावर काटा येतो. माझ्या जिभेवर उत्तर आलं. कुठून आलं देव जाणे, पण शब्द तयार होते, आणि ते बोलून टाकावेत अशी अनावर इच्छा होत होती. समोर सगळी माणसं हात जोडून उभी. आमचे हेसुद्धा हात जोडून उभे! त्याच क्षणी मला आईचा पाट आठवला, तिचा मळवट आठवला. मी किंचाळायचं म्हटलं, पण तोंड उघडलं तर किंचाळीऐवजी ते उत्तरच बाहेर पडणार हे मला कळत होतं.

तेवढ्यात माई आली. ती चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, हात तांदळाच्या पिठाने बरबटलेले. तिने माणसं दोन्ही कोपरांनी बाजूला सारली, माझ्यासमोर वाकली आणि त्या ओल्या पिठाच्या तळव्याने माझा मळवट पुसून काढला.  वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल की नाही ठाऊक नाही, म्हणून सांगते. एका विधवेने, भर सणाला, गौरीसमोर, नवरा उभा असताना सवाष्णीचं कुंकू पुसलं होतं. सासूबाई माईचं नाव घेऊन "द्वारके!" म्हणून ओरडल्या. माईने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मला बखोटीला धरून भाताच्या खोलीत नेलं, आतून कडी घातली, मागे बसून मला दोन्ही हातांनी गच्च आवळून धरलं आणि कानात बोलत राहिली. "बोलू नको. दात आवळ. त्ये देव नाय न् भूत नाय, तुजंच हाय. तुजंच तुला वळखत नाय म्हनून भ्या वाटतं. चडू दे वर. मी धरलंय... मी धरलंय गो." बाहेर लोक दार बडवत होते. आत माझं सगळं अंग तिच्या मिठीत उड्या मारत होतं. पुष्कळ वेळाने ते थांबलं, आणि थांबलं तेव्हा अशी काही शांतता आली की दार बडवण्याचा आवाजही त्या शांततेतच होतोय असं वाटलं. मी रडत विचारलं, माझ्या आईला पण हेच झालं होतं का? माईने पदराने माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, "काय म्हाईत. पन तिला इचारनारी लय होती, धरनारं कुनी नव्हतं."

त्या कुंकवाची किंमत माईने भरली. सासूबाई तिच्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. पुढच्या पावसात वरची दरड थोडी खचली आणि आमचं एक खाचर दगडांनी भरलं, तर वाडी म्हणाली, द्वारकीने गौराई पुसली, दुसरं काय होणार! हळदीकुंकवाला तर तिला आधीच कुणी बोलवत नव्हतं, आता लोक बारशालाही टाळू लागले. मी चिडून म्हणायची, सांगा ना सगळ्यांना खरं काय ते. ती म्हणायची, "खरं सांगितलं तर तुला पाटावर बशिवतील परत. त्यापरीस मला शिव्या दिलेल्या बऱ्या." माझे हे मात्र त्या दिवसापासून तिच्याशी बोलताना मान खाली घालायचे. त्यांना काय कळलं होतं आणि काय नाही, मी कधी विचारलं नाही.

मुलांच्या शाळेसाठी आम्ही महाडला राहायला आलो तरी माझं बसणं चालू राहिलं. भीती गेली असं मात्र नाही, उगाच थापा मारणार नाही. एकदा अंगणात वाळवणं घालताना उन्हाकडे पाहता पाहता बघणारी मीच नाहीशी झाले. ऊन होतं, पापड होते, कावळा होता, सुमन नव्हती. भानावर आले तशी धावत फोनकडे. माई तिकडे शेतात. मी म्हटलं, माई, मी मघाशी नव्हतेच हो! तर म्हणते, "गेलीस तर जाऊ दे. जेवायच्या येळेला येतेस बराबर. पापडांवरचे कावळे हाकलायला कोन हाय का तितं?" असं होतं तिचं. डोंगराएवढी भीती घेऊन जावं आणि तिने तिची चटणी करून ताटात वाढावी. डॉक्टरांनी मला झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या त्याही तिने कधी बंद करायला लावल्या नाहीत. फक्त म्हणायची, गोळी घे आणि बस.

मग माईला हा अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. थोड्या दिवसांनी वाचा तुटक तुटक परतली, पण माणसं हरवली. दिनेशला ती कधी भाऊ समजायची, कधी डॉक्टर. मला कुणीतरी ओळखीची बाई समजायची. जिने मला घाबरू दिलं नाही ती आता स्वतः घाबरलेली, हे बघणं फार वाईट होतं. डावा हात खाटेच्या दांडीला घट्ट धरलेला, डोळे भिरभिरते. "पडत्ये गो... खाली पडत्ये..." मी म्हणायची, माई, तुम्ही खाटेवर आहात, पडणार नाही. ते तिला पटत नव्हतं.

शेवटच्या दुपारी वॉर्डात सामसूम होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी झोपली होती. माईने माझं मनगट पकडलं आणि म्हणाली, "त्ये इसारलं." काय विसरलात? "त्ये... रोजचं. बाबांनी दिलेलं. कुटं गेलं?" ओठ हलवून ती शोधत होती, एखादं अक्षर पकडत होती आणि ते निसटत होतं. घामाने कपाळ भिजलं होतं. मला कळलं ती काय शोधतेय.  ते माझ्याजवळ होतं. साऱ्या जगात आता फक्त माझ्याजवळ होतं. आणि ते ओठांबाहेर काढायचं नाही, तिच्यासमोरपण नाही, असं तिनेच सांगितलेलं. काढलं तर तो मला सोडणार, आतलं मोकाट सुटणार... पुढे मला आईचा पाट दिसत होता, आणि त्याच्या पुढे नदी. मी उठून व्हरांड्यात गेले. पाणी प्यायले. परत आले. माई अजून ओठ हलवत होती.

मी खाटेवर चढले. लोक काय म्हणतील ते म्हणोत. तिच्या पाठीमागे बसले, तिला माझ्या छातीशी टेकवलं, एक हात तिच्या कण्याच्या तळाशी ठेवला, दुसऱ्या हाताचा अंगठा भुवयांच्या मध्ये. आणि तोंड कानाशी नेऊन तिचा मंत्र तिला सांगितला. एकदा सांगितला, मग पुन्हा सांगितला, मग सांगतच राहिले. हळूहळू तिचं अंग सैल झालं. दांडीवरचा हात सुटला. मान किंचित वर उचलली गेली, फळीच्या फटीतून मी पाहिली होती तशी. बराच वेळ ती तशीच होती. मग डोळे उघडून, मान कलती करून तिने माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत.

"ग्वाड हाय गो," ती म्हणाली. "तुला कुनी दिलान?"

मी म्हटलं, "माझ्या जावेनं."

"जावेनं?" तिच्या चेहऱ्याची एकच बाजू हसली. "जावा कदी काय देतात व्हय!"

"माझ्या जावेनं दिलं, माई."

तिने थोडा विचार केल्यासारखं केलं. "मंग बरी हाय बाय ती," म्हणाली. "तिला सोडू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनेशचा फोन आला. तेराव्यापर्यंत मी वाडीवरच होते, पण भाताच्या खोलीकडे फिरकले नाही. रात्री-अपरात्रीच नाही, भर दिवसासुद्धा कमरेत जराशी ऊब आली की मी उठून भांडी घासायला बसते. मंत्र माझ्याजवळ उरलाय की नाही, हे बसल्याशिवाय कळणार नाही, आणि बसायचा धीर होत नाही. पण एवढं सगळं लिहून काढल्यावर काल दिनेशला फोन केला आणि म्हटलं, भाताच्या खोलीची घोंगडी उन्हात घालून ठेव. तो म्हणाला, काकी, एकटी बसणार? मी म्हटलं, हो. उद्या सकाळच्या एसटीने मी वर जाते आहे. भीती वाटतेय, फार वाटतेय. पण सोडू नको म्हणून तिने सांगितलंय.